तापाची गोळी : तिचा गुण आणि तिची मर्यादा

शहरांतील सुशिक्षित घरांत कपाटाच्या एखाद्या खणांत, नाहीं तर फ्रीजच्या माथ्यावर, औषधांचा एक डबा असतोच. खोकल्याची अर्धी बाटली, पोटदुखीच्या दोन गोळ्या, कोणाला तरी पूर्वीं लिहून दिलेलें मलम, आणि या सर्वांमध्यें कधींहि न संपणारी एक पट्टी. त्या पट्टीला घरांत कोणी औषध म्हणत नाहीं. ती नुसती ‘तापाची गोळी’. अंग मोडून आलें, डोकें जड झालें, मुलाचें अंग कढत लागलें, कीं हात तिच्याकडे जातो. शेजारणीनें मागितली तर साखरेच्या वाटीइतक्याच सहजपणें ती दिली जाते. पॅरासिटामॉल हें या द्रव्याचें नांव. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, मेटासिन हीं त्याचीं बाजारांतील नांवें. अमेरिकेंत राहणारे आप्त ज्याला टायलेनॉल म्हणतात तेंहि हेंच, फक्त तेथें त्याचें शास्त्रीय नांव अ‍ॅसिटॅमिनोफेन असें चालतें. योग्य मात्रेंत घेतलें असतां इतकें सोशिक औषध क्वचितच सांपडेल. मात्रा ओलांडली असतां मात्र तेंच यकृताचा घात करतें. एकाच गोळीच्या अंगीं हे दोन गुण कसे नांदतात, आणि दुसऱ्यापासून दूर राहून पहिल्याचा लाभ कसा घ्यावा, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

या द्रव्याचा जन्म जुना, पण त्याचा उपयोग फार उशिरा सुरू झाला. हार्मन मोर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें तें १८७८ सालीं प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि तें तेथेंच राहिलें. पुढें १८८६ सालीं स्ट्रासबर्ग येथें कान आणि हेप या दोन डॉक्टरांनीं एका रोग्याला जंतांवर म्हणून नॅफ्थलीन दिलें. अपेक्षित गुण आला नाहीं. परंतु ताप मात्र उतरला. चौकशी करतां असें आढळलें, कीं औषधाच्या दुकानांतून नॅफ्थलीनऐवजीं अ‍ॅसिटॅनिलाइड नांवाची भलतीच पूड आली होती. दुकानदाराच्या त्या चुकींतून ज्वरघ्न औषधांची एक नवी शाखा निघाली. अ‍ॅसिटॅनिलाइड ताप उतरवी खरें, पण कित्येक रोग्यांचे ओठ आणि नखें निळसर पडत. कारण रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति तें कमी करी. म्हणून त्याचे भाईबंद शोधण्यांत आले. त्यांपैकीं फेनासेटिन १८८७ सालीं बाजारांत आलें व पुष्कळ वर्षें टिकलें. दीर्घ सेवनानें तें मूत्रपिंडें बिघडवितें असें ठरल्यावर देशोदेशीं तें मागें घेण्यांत आलें. पॅरासिटामॉलची पाळी १८९३ सालीं आली होती. परंतु जर्मनीच्या फॉन मेरिंग यांनीं त्याच्यावरहि रक्त निळें करण्याचा ठपका ठेवला आणि अर्धें शतक तें अडगळींत पडलें. अखेर १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनीं दाखवून दिलें, कीं अ‍ॅसिटॅनिलाइड पोटांत गेल्यावर शरीर त्याचें पॅरासिटामॉल करतें. वेदना शमविण्याचें काम या दुसऱ्या द्रव्याचें, आणि निळेपणाचा दोष निराळ्याच एका उपपदार्थाचा. म्हणजे साठ वर्षें रोगी ज्याचा गुण घेत होते तें पॅरासिटामॉलच. फक्त तें प्रत्येकाला आपल्या शरीरांत तयार करून घ्यावें लागत होतें. त्यानंतर लौकरच, १९५५ सालीं अमेरिकेंत मुलांसाठीं पातळ औषधाच्या रूपानें आणि १९५६ सालीं इंग्लंडांत गोळीच्या रूपानें तें विक्रीस आलें.

ही गोळी करते काय? मेंदूच्या तळाशीं शरीराचें उष्णतामान राखणारें एक केंद्र आहे. रोगजंतूंशीं झगडा सुरू झाला कीं शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें वाढतात व तीं या केंद्राला उष्णतामान वर चढविण्याची सूचना देतात. पॅरासिटामॉल मेंदूंतील या सूचनेचा जोर कमी करतें, त्यामुळें घाम येऊन ताप उतरतो. आणि वेदनेची जाणीवहि मंदावते. परंतु जंतूंना तें शिवत नाहीं, सूज फारशी उतरवीत नाहीं, आणि ज्या कारणानें ताप आला तें कारण जागच्या जागीं राहतें. गुण यावयास अर्धा ते एक तास लागतो व तो चार ते सहा तास टिकतो. यांत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन हीं औषधें पोटाच्या अस्तराला झोंबतात, तशी ही गोळी झोंबत नाहीं. तेव्हां ‘आधीं कांहीं तरी खा, मगच गोळी घे’ असा जो आग्रह घरोघरीं धरला जातो, त्याची हिच्या बाबतींत तशी गरज नाहीं. तापकऱ्याला पेज मिळाली तर ती चांगलीच. परंतु घांस जात नाहीं म्हणून गोळी अडवून ठेवावयास नको.

आतां यकृताकडे वळावें. पोटांत गेलेलें बहुतेक पॅरासिटामॉल यकृतांत दोन सरळ वाटांनीं निरुपद्रवी होतें आणि लघवीवाटे बाहेर पडतें. एका मोठ्या वाड्यांतील सांडपाणी दोन रुंद मोऱ्यांनीं वाहून जावें तसें हें आहे. परंतु त्या वाड्याला तिसरी एक अरुंद मोरीहि आहे. औषधाचा थोडासा भाग, सामान्यतः शेंकडा पांच ते दहा, त्या तिसऱ्या वाटेनें जातो आणि तेथें त्याचें एक जहाल विष बनतें. हें विष तयार होतांक्षणींच ग्लुटाथायोन नांवाचें यकृतांतील एक रक्षक द्रव्य त्याला पकडून निकामी करतें. रोजच्या मात्रेंत हा व्यवहार इतका बिनबोभाट चालतो, कीं रोग्याला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मात्रा फार झाली, कीं दोन्ही रुंद मोऱ्या तुंबतात, जास्त औषध अरुंद मोरीकडे लोटलें जातें, आणि रक्षक द्रव्याचा सांठा संपतो. मग तें विष यकृताच्या पेशींनाच चिकटतें आणि त्या मरतात. मोठ्या मात्रेनें यकृत मरतें, हें ब्रिटिश डॉक्टरांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यामागची ही सारी घडामोड १९७३ च्या सुमारास उलगडली. यावरून एवढें लक्षांत यावें, कीं या औषधाचा धोका हळूहळू चढणाऱ्या पायऱ्यांसारखा नाहीं. सांठा आहे तोंवर कांहींच होत नाहीं. तो सरला कीं एकदम कडाच लागतो.

धडधाकट प्रौढ माणसाला एका वेळीं ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांमध्यें निदान चार तासांचें अंतर, आणि चोवीस तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमच्या वर नाहीं, ही बाहेरची कुंपणाची तार समजावी. रोज तिला शिवून यावें असा तिचा अर्थ नव्हे. ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा सहा तासांनीं घेतली तर दिवसाकाठीं २,६०० मिलिग्रॅम होतात, आणि साध्या तापाला तेवढें पुष्कळ होतें. पन्नास किलोपेक्षां कमी वजनाच्या माणसाला, आणि आपल्याकडे अशा आज्या व मामी घरोघरीं आहेत, ही मर्यादा खालीं ओढलीच पाहिजे. त्यांना एका वेळीं वजनाच्या दर किलोस १५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक देऊं नये. चाळीस किलोच्या बाईला ६५० ची गोळीसुद्धां किंचित् जास्तच होते.

परंतु जाणूनबुजून सहाऐवजीं दहा गोळ्या घेणारा माणूस विरळा. खरी फसगत होते ती नांवांमुळें. सर्दीच्या गोळींत पॅरासिटामॉल असतें. अंगदुखीच्या जोडगोळींत, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक यांच्या बरोबर, तें असतें. पोटांतील मुरड्यावरच्या कित्येक गोळ्यांत, ट्रॅमाडॉलसारख्या कडक वेदनाशामकाच्या सोबतीला, गरम पाण्यांत घालून प्यावयाच्या पुडींतहि तें असतें. पुडक्याचा रंग निराळा, नांव निराळें, दुखणें निराळें. आंतील द्रव्य एकच. समजा, एका गृहस्थांना ताप आहे. ते ६५० ची गोळी दिवसांतून चार वेळां घेतात. नाक वाहतें म्हणून कचेरींतील मित्रानें दिलेली सर्दीची गोळी तीन वेळां होते. तिच्यांत प्रत्येकीं ५०० आहेत. रात्रीं पाठ धरली म्हणून घरांत पडलेल्या अंगदुखीच्या दोन गोळ्या होतात. तिच्यांत प्रत्येकीं ३२५ आहेत. बेरीज करून पाहावी : २,६०० आणि १,५०० आणि ६५०, एकूण ४,७५०. गृहस्थांच्या मनानें त्यांनीं तीन दुखण्यांवर तीन निरनिराळीं औषधें, प्रत्येक प्रमाणांत, घेतलीं. यकृताच्या हिशेबीं कुंपण ओलांडलें गेलें. असाच क्रम चार दिवस चालला, आणि तोंडाला चव नाहीं म्हणून जेवण सुटलेलें असलें, तर गोष्ट गंभीर होते. यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे : प्रत्येक पट्टीच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचणें. मोठ्या अक्षरांतील व्यापारी नांवाखालीं पॅरासिटामॉल आय. पी. असें लिहून पुढें मिलिग्रॅमचा आंकडा दिलेला असतो. हा शब्द दोन पट्ट्यांवर आढळला तर त्यांपैकीं एक डब्यांत परत जावी. अक्षर लागत नसेल तर दुकानदाराला विचारावें; विचारण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

मुलांच्या बाबतींत चूक अधिक सोपी आणि अधिक महाग. मुलाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानें, दिवसांत चार वेळांपेक्षां अधिक नाहीं. म्हणून मुलाचें अलीकडचें वजन घरांत लिहून ठेवलेलें असावें. पण गोंधळ होतो तो बाटल्यांत. आपल्याकडे पातळ औषध साधारणतः तीन शक्तींत मिळतें : दर ५ मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचें सौम्य, २५० मिलिग्रॅमचें दुप्पट कडक, आणि तान्ह्या मुलांसाठीं थेंबांच्या रूपाचें, ज्याच्या दर एका मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम असतात. सर्वांत लहान मुलाचें औषध सर्वांत कडक असावें हें विचित्र वाटतें खरें; पण तान्हें मूल चमचाभर औषध गिळत नाहीं, म्हणून थोड्या थेंबांत पुरेसें औषध बसविलेलें असतें. आतां आठ किलोचें एक बाळ घ्यावें. त्याला एका वेळीं ८० ते १२० मिलिग्रॅम हवेत. सौम्य औषध असेल तर साडेतीन ते पांच मिलिलिटर. थेंब असतील तर जेमतेम एक मिलिलिटर. ‘मागच्या वेळीं चमचाभर दिलें होतें’ एवढेंच आठवून कोणी थेंबांचें औषध चमचाभर पाजलें, तर एका घोटांत ५०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून अधिक. दिवसांतून चार वेळां असें झालें तर तें बाळ एका दिवसांत प्रौढ माणसाच्या अर्ध्या कमाल मात्रेइतकें औषध पिऊन बसतें. अमेरिकेंत याच घोटाळ्यामुळें २०११ सालीं कारखानदारांनीं तान्ह्यांसाठींचें कडक थेंब बंद करून मुलांचें सर्व पातळ औषध एकाच शक्तीचें करावयाचें ठरविलें.

तेव्हां बाटलीबरोबर आलेलें मोजपात्र किंवा पिचकारी हीच वापरावी, आणि तें मोजपात्र दुसऱ्या बाटलीला लावूं नये. स्वयंपाकघरांतील चमचा हें माप नव्हे. एका घरचा चहाचा चमचा दुसऱ्या घरच्या चमच्याच्या दीडपट भरतो. बाटली आधीं हलवावी. आणि एकत्र कुटुंबांत, जेथें सकाळीं आई कामावर जातांना मात्रा देते, दुपारीं आजी देते, आणि संध्याकाळीं आलेले काका कपाळाला हात लावून ‘अजून कढत आहे’ म्हणत पुन्हा देतात, तेथें एक कागद भिंतीला लावून त्यावर वेळ आणि मात्रा लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. मूल घटाघट प्यावें म्हणून औषधाला ‘गोड सरबत’ म्हणण्याची लाडिक रीत सोडून दिलेली बरी. सरबत समजलेली बाटली मूल एके दिवशीं आपल्या हातानें उघडतें.

तापासंबंधीं आपल्या समाजांत एक धास्ती आहे. उष्णतामापकावरील आंकडा खालीं आलाच पाहिजे, नाहीं तर ताप ‘डोक्यांत जाईल’, असें समजलें जातें. वस्तुतः १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेलें उष्णतामान म्हणजे ताप खरा, पण तो शरीराच्या झगड्याचाच एक भाग आहे. गोळी द्यावयाची ती मूल किंवा माणूस अस्वस्थ आहे म्हणून, आंकड्यासाठीं नव्हे. १०१ ताप असून मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर त्याला झोपेंतून उठवून औषध पाजण्यांत अर्थ नाहीं. कांहीं मुलांना तापांत आंकडी येते. पालकांचा थरकाप उडविणारी ही गोष्ट, पण नियमानें तापाचें औषध दिल्यानें ती टळत नाहीं, असें अभ्यासांत दिसून आलें आहे. बर्फाच्या पाण्यानें अंग पुसणेंहि नको. त्यानें मूल कुडकुडतें आणि ताप उलट चढतो.

याच्या उलट, कांहीं प्रसंगीं गोळीवर विसंबणें धोक्याचें. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला ताप आला तर त्याच दिवशीं डॉक्टर. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, मान ताठली, श्वास लागला, अंगावर लाल पुरळ उठला, लघवी कमी झाली, बोलण्यांत भ्रम दिसला, तर पट्टी बाजूला ठेवून दवाखाना गांठावा. मुंबई-पुण्याकडे पावसाळ्यांत हें विशेष ध्यानांत ठेवावें. कारण हिंवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस हे तीनहि पहिल्या दोन दिवशीं साध्या तापाचेंच सोंग घेऊन येतात, आणि गोळीनें ताप चार तास उतरला म्हणून रोग उतरला असें होत नाहीं. डेंग्यूचा संशय असेल तेव्हां अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांना हात लावूं नये, कारण त्यांनीं रक्तस्राव वाढतो. तेथें पॅरासिटामॉलच द्यावयाचें. पण डेंग्यूंत यकृतहि बहुधा दुखावलेलें असतें, म्हणून मर्यादा येथें अधिक कसोशीनें पाळावयाची. ताप हटत नाहीं म्हणून दर तीन तासांनीं गोळी देण्याचा मोह याच रोगांत सर्वांत जास्त होतो.

कांहीं माणसांच्या यकृतांतील रक्षक सांठा आधींच तोकडा असतो. रोज मद्य घेणारा; कित्येक दिवस अन्न न गेलेला आजारी; कडक उपास करणारा; कृश वृद्ध; कावीळ झालेला. क्षयावरील आयसोनियाझिड, अपस्मारावरील फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन हीं औषधें चालू असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारून आपली मर्यादा ठरवून घ्यावी. रक्त पातळ राहावें म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्याला अधूनमधून एक गोळी चालते. रोज रोज घेतली तर रक्त जास्तच पातळ होऊं शकतें. डोकेदुखीसाठीं महिन्यांतील अर्धे दिवस ही गोळी घेणाऱ्यांची गोष्ट निराळीच आहे. त्यांची डोकेदुखी पुष्कळदां गोळीमुळेंच टिकून राहते. गरोदर स्त्रियांविषयीं २०२५ सालीं अमेरिकेंत मोठा गवगवा झाला आणि गोळीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशीं जोडला गेला. परंतु स्वीडनमध्यें सुमारें २५ लक्ष मुलांच्या नोंदी पाहून २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, एकाच आईच्या मुलांची परस्परांशीं तुलना केली असतां असा संबंध आढळला नाहीं. गरोदरपणांत चढलेला ताप तसाच अंगावर काढणें हेंच आई-बाळाला अपायकारक; तेव्हां गरजेपुरती, थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, अशी ही गोळी त्या अवस्थेंतहि चालते.

घरांतील सांठ्याचाहि प्रश्न आहे. इंग्लंडांत १९९८ सालीं असा नियम झाला, कीं साध्या दुकानांत एका पुडक्यांत १६ च गोळ्या आणि औषधांच्या दुकानांत ३२ च गोळ्या मिळाव्यात. इतक्या क्षुल्लक उपायानें काय होणार, असें कित्येकांना वाटलें. परंतु पुढील अकरा वर्षांत या औषधानें होणारे मृत्यु पुष्कळच कमी झाले. हाताशीं थोडें असलें म्हणजे क्षणिक आवेगांतून किंवा अजाणपणांतून होणारी हानि थोडी होते. एका घरांत एक पट्टी पुरते. ती मुलांच्या हाताबाहेर, आणि घरांत कोणी मनानें खचलेलें असेल तर त्याच्याहि हाताबाहेर, कुलपांत असावी.

मात्रा जास्त गेली असें कळलें, किंवा नुसता संशय आला, तर काय करावयाचें? या विषबाधेचा कपटीपणा असा, कीं पहिल्या दिवशीं रोगी बहुधा ठीक दिसतो. थोडी मळमळ, एखादी उलटी, नाहीं तर तेंहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं उजव्या बरगडीखालीं दुखूं लागतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासें होतें, शुद्ध हरपते. तोंवर पुष्कळ उशीर झालेला असतो. याउलट, अ‍ॅसिटिल सिस्टीन नांवाचा एक उतारा आहे. तो यकृताला रक्षक द्रव्य पुन्हा बनविण्याची सामग्री पुरवितो. औषध पोटांत गेल्यापासून आठ तासांच्या आंत तो सुरू झाला, तर यकृत जवळजवळ निश्चितपणें वांचतें. नंतरहि तो उपयोगी पडतो, पण ती निश्चिति राहत नाहीं. म्हणून रोगी हंसतबोलत आहे याकडे न पाहतां ताबडतोब मोठें रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. घरीं मिठाचें पाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटींत वेळ घालवूं नये, आणि मुलाला रागें भरण्यांतहि नाहीं. जातांना रिकामी पट्टी किंवा बाटली बरोबर न्यावी, आणि औषध किती वाजतां पोटांत गेलें तें कागदावर टिपून न्यावें. कारण चार तासांनंतर रक्त तपासून तेथील डॉक्टर उताऱ्याचा जो निर्णय घेतील, तो या एका वेळेवरूनच घेतील.